घराबाहेर न रमणारा लॅपटॉप

जगातली कोणतीही वस्तू कधीच जुनी होऊ नये, असं अगदी मनापासून वाटणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो कॅनडातल्या मार्कहॅमला राहतो. तो म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. भाऊ आणि वहिनी नागपूरला असतात. मी इकडे शिकायला आलो तेव्हा पहिला हिवाळा या मामांच्या बेसमेंटमध्ये काढला, आणि पुढे नोकरी लागून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तरी रविवारची सकाळ त्यांच्याकडे घालवायची सवय काही सुटली नाही. त्यांच्या घराच्या मागे कुंपण, कुंपणापलीकडे पायवाट आणि पायवाटेपलीकडे एक लहानसं तळं आहे. सकाळी त्यावर धुकं असतं. मामींच्या हातचे पोहे खाऊन त्या धुक्याकडे बघत बसलं की आपण नक्की कुठल्या देशात आहोत, हे थोडा वेळ आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही. मामाही तसेच बसलेले असतात. आम्ही दोघं न बोलता एक अख्खा तास सहज घालवतो, आणि मामी म्हणतात, "झाली का रे तुमची मीटिंग?"

पण बसायचं म्हणजे ज्या सोफ्यावर बसायचं, त्या सोफ्याविषयी सांगितलं पाहिजे. तो दुकानातून आला तेव्हा ज्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, त्याच प्लास्टिकमध्ये आजही आहे. त्याचा खरा रंग मामींनाही नीट आठवत नाही. त्या म्हणतात मोरपंखी, मामा म्हणतात शेवाळी. त्यावर बसलं की चुर्र असा आवाज होतो, आणि उन्हाळ्यात अर्धी चड्डी घालून बसणाऱ्याला उठताना आपली काही कातडी तिथेच ठेवून यावं लागतं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. मामांच्या घरी रिमोटच्या पिशवीला पिशवी आहे, कारण आतली पिशवी खराब होते. गाडीच्या सीटवर कव्हर, कव्हरवर टॉवेल, आणि पाहुणे बसणार असले की टॉवेलवर जुनी चादर. एका हिवाळ्यात रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दार उघडेना, तेव्हा मामा खिडकीतून बाहेर पडून शेजारच्या चिनी आजोबांकडे शोव्हल, म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, मागायला गेले. आमच्या गॅरेजमध्ये उत्तम नवा शोव्हल होता. मी तसं म्हटल्यावर मामा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "अरे बाप्पा, तो या असल्या बर्फात घालू का? घासल्या जाईल ना तो!" विंडसरला मोटारींच्या कारखान्यात असलेल्या त्यांच्या मुलानं वडिलांसाठी एक टॅब्लेट पाठवला होता. तो खोक्यात आहे, खोकं पिशवीत आहे, पिशवी कपाटात आहे आणि कपाटाला पडदा आहे.

कुणाला वाटेल, माणूस चिक्कू असेल. मुळीच नाही. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे धड जाकीट नव्हतं, तेव्हा याच माणसानं दुकानाचं लेबल न काढलेला स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला होता. फक्त "लेबल राहू दे आतल्या बाजूनं" असं म्हणाले होते. वस्तू दुसऱ्याला देताना त्यांना काही वाटत नाही, वस्तू झिजताना बघवत नाही. इंजिनियर म्हणून आयुष्यभर यंत्रांच्या दुरुस्त्या केल्या, झिजलेले दाते आणि फाटलेले पट्टे पाहिले, त्याचा हा परिणाम असेल. किंवा नसेलही. मी त्याच्या फार खोलात जात नाही, कारण त्या सोफ्यावर बसून माणसाचा विचार फार खोलात जाऊच शकत नाही, हललं की आवाज होतो.

तर या मामांचा लॅपटॉप. जुना, जाडजूड, खालच्या बाजूनं बॅटरी काढता येते अशातला. तो टेबलाच्या एका कोपऱ्यात, भिंतीतल्या चार्जरला जोडलेला, वर मामींच्या जुन्या सुती साडीचं झाकण, असा वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. चार्जर काढायचा नाही, असा घरात नियमच होता. "बॅटरी वापरली का संपते," असं मामा म्हणत. मी एकदा म्हटलं, "मामा, बॅटरी वापरण्यासाठीच असते." त्यावर ते तळ्याकडे बघत म्हणाले, "सगळंच तसं वापरण्यासाठीच असते रे."

हा नियम मोडायची वेळ आली ती ताईंमुळे. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या वहिनीची आई. वहिनीजवळच नागपूरला राहतात. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो आणि त्या सत्तरीतल्या मामांना अजून बाबू म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात ताईंच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि तो पसरायला लागला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसट व्हायचं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं. मामा पहिल्या विमानानं गेले असते. पण त्यांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, वर्षभर विमानात बसायचं नाही अशी इथल्या डॉक्टरांची ताकीद. मग ताईंनीच एकदा फोनवर म्हटलं, "बाबू, तुझ्याकडची झाडं लाल होतात म्हणतात. एकदा तू आणि ते झाडं एकाच वेळी पाहू दे मले. मग काही म्हणणं नाही."

आता हे फोनवर का जमेना, तर मामांनी हात लांब करून फोन धरला की त्यात नुसते मामाच मावत, तेही कपाळापासून मिशीपर्यंत. फोन फिरवला की नुसतं तळं. "एक तर तू दिसतो नाहीतर पाणी दिसते," ताई म्हणाल्या. म्हणून मामांनी बेत केला. तळ्याकाठी एक लाकडी बाक आहे आणि त्याच्यामागे मेपलची झाडं. समोर एक स्टूल ठेवायचं, त्यावर लॅपटॉप, इंटरनेट फोनवरून घ्यायचं, आणि मामांनी बाकावर ऐसपैस बसायचं. तिकडे वहिनी मोठ्या टीव्हीवर ते लावून ताईंना समोर बसवणार. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. झाडं तेव्हा नुकती रंगायला लागली होती.

पहिल्या रविवारी मामा स्वेटर घालून, भांग पाडून बाकावर बसले. ताई टीव्हीवर दिसल्या. मामा म्हणाले, "ताई, हे पाहा—" आणि झाडं नीट दिसावीत म्हणून त्यांनी लॅपटॉप जरा वळवला. लॅपटॉप बंद. सूचना नाही, कुरकुर नाही, एकदम काळा पडदा. पाऊण बॅटरी शिल्लक दाखवत होता. घरात आणून चार्जरला जोडला तर आपला शहाण्यासारखा सुरू. परत तळ्यावर नेला, परत "ताई" म्हणताक्षणी बंद. मामा त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. त्यात त्यांना ते स्वतः दिसत होते आणि मागे झाडं. नेमकं तेच चित्र, पण नागपूरला जाणार नव्हतं.

मी सॉफ्टवेअरचा माणूस. लॅपटॉप बिघडला की आम्ही आधी त्याच्या आत्म्याकडे बघतो, शरीराकडे नंतर. मी सगळे अपडेट केले, मग त्या अपडेटनं बिघडलेलं दुरुस्त केलं, पॉवरची सगळी सेटिंगं उलटी केली आणि मग सुलटी केली. बॅटरी जुनी झाली असेल असं म्हटलं, तर मामांनी ताबडतोब नवी मागवली आणि स्वतःच्या हातानं बसवली. मला शिवूही दिलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. थंडीनं होत असेल म्हणून मामांनी लॅपटॉपला मामींची शाल पांघरली, वर माकडटोपी घातली. पायवाटेवरून कुत्रं फिरवणाऱ्या बाई थांबून म्हणाल्या, "ओह, हाऊ ओल्ड इज द बेबी?" मामा म्हणाले, "ट्वेल्व्ह." बाई पुढे जाऊन दोनदा मागे वळून बघत होत्या. बाळ तेवढ्यात झोपलंच होतं.

मग मी घरात टेबलावर चार्जर काढून तो सुरू ठेवला, मुद्दाम, बॅटरी संपेपर्यंत. तो तासन् तास चालला. शेवटी बॅटरी खरोखर संपल्यावर रीतसर सूचना देऊन बंद झाला. आता काय म्हणावं? घरात बॅटरीवर उत्तम चालतो, तळ्यावर गेला की मान टाकतो. माझी विद्या इथे संपली. मामांची मात्र सुरू झाली. ते सोफ्यावर चुर्र करून बसले आणि म्हणाले, "मला समजलं. त्याला घराबाहेर करमत नाही."

"मामा, तो लॅपटॉप आहे."

"असू दे ना. इतके वर्षं एका कोपऱ्यात राहिला तो. एकदम परक्या जागी नेलं तर घाबरणार नाही का? तू नव्हता का घाबरला पहिल्या हिवाळ्यात?"

मी खरंच घाबरलो होतो. मामांनी मग लॅपटॉपला बाहेरची सवय लावायला घेतली. रोज सकाळी त्याला चार्जरसकट मागच्या दाराशी नेऊन थोडा वेळ बाहेरचं दाखवायचे. एक दिवस घरातल्या सगळ्या एक्स्टेन्शनच्या वायरी एकमेकींना जोडून त्यांनी वीजच तळ्यापर्यंत न्यायचा घाट घातला. वायर कुंपणापर्यंत पुरली. तिथे स्टुलावरून कुंपणापलीकडचं तळं दिसतच नाही, शेजारच्या चिनी आजोबांची बागेची खोपटी दिसते. तरीही फोन लावला. ताईंनी त्या खोपटीकडे बराच वेळ पाहिलं असावं. मग त्या म्हणाल्या, "छान आहे रे तुझं तळं." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

इकडे पानं काही कुणासाठी थांबत नव्हती. झाडं लाल झाली, नारिंगी झाली, तळ्यात त्यांची उलटी प्रतिबिंबं पडली, आणि त्यांतून बदकांची रांग गेली की सगळं हलून पुन्हा जुळायचं. इतकं सुंदर असायचं की मला त्याचा राग यायला लागला. वहिनीनं फोनवर सांगितलं, आई आता चहाचा कप हातानं चाचपून घेते. मामांना आम्ही ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असणार, कारण ते खिडकीत बसून कुठल्या झाडाची किती पानं राहिली ते बघत असत. मामी एरवी कमी बोलतात. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "काहीही कर, पण एवढं जमव. यांचं टाके घातलेलं हृदय आहे, त्याला हे पेलणार नाही."

आणि ज्या शनिवारी जोराचा वारा सुटला, त्या शनिवारी मला ते सापडलं. सापडलं म्हणजे माझ्या हुशारीनं नव्हे. मामी टेबल पुसत होत्या, म्हणून मी लॅपटॉप उचलून सोफ्यावर ठेवायला निघालो. चार्जर काढला, दोन्ही हातांनी उचलला आणि तो माझ्या हातात मेला. पहिल्यांदाच घरात. खालून बोटं दाबली गेली तेव्हा आवाज झाला, बारीक, चुर्र असा. मी सोफ्याकडे बघितलं. सोफ्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

मी लॅपटॉप उलटा केला, खटका सरकवला आणि बॅटरी बाहेर काढली. स्वयंपाकघरात उरलेलं अन्न झाकायला जे पातळ चिकट प्लास्टिक असतं, त्यात ती नखशिखांत गुंडाळलेली होती. शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालावं तशा कडा दुमडलेल्या, आणि जिथून वीज जाते त्या पट्टीपुरती ब्लेडनं एक सुबक खिडकी कापलेली. इतकं निगुतीचं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या प्लास्टिकच्या जाडीनं बॅटरी पुरती आत बसतच नव्हती. लॅपटॉप टेबलावर निवांत असला तर कसाबसा संपर्क राहायचा. उचलला, वळवला, कलता केला की सुटायचा. घरात चार्जर होता म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आणि तळ्यावर दर वेळी मामा "ताई, हे पाहा" म्हणून तो वळवत होते.

"मामा," मी म्हटलं, "हे काय?"

"कव्हर," मामा म्हणाले. "नवीन होती ना ती. उघडी कशी ठेवायची?"

"जुन्या बॅटरीलाही होतं?"

"हाव मग. तिलाही होतं."

मामी पुसता पुसता थांबल्या. मला वाटलं आता त्या हसतील किंवा चिडतील. त्यांनी फक्त फडकं खाली ठेवलं. मी मामांना समजावून सांगितलं, जमेल तितक्या हळू. त्यांना अर्ध्यातच कळलं. शेवटी इंजिनियर माणूस. त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि पुष्कळ वेळ नुसती धरून ठेवली. खिडकीबाहेर वारा पानांचे थवेच्या थवे तळ्याच्या दिशेनं नेत होता. मग ते म्हणाले, "सगळंच झिजते रे. मी काही केलं तरी झिजते, हे काय मला समजत नाही? पण जेवढं झाकता येते तेवढं तरी झाकावं म्हटलं. तिच्या डोळ्याले काय झाकू मी?" आणि एक टोक नखानं सोडवून त्यांनी ते प्लास्टिक काढायला सुरुवात केली. ओरबाडलं नाही. कडेकडेनं, जसं घातलं होतं तसंच काढलं. मला फार भरून आलं, म्हणून मी पोहे आहेत का असं विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो तेव्हा वारा पडला होता आणि झाडांवर एकही पान नव्हतं. सगळी पानं पाण्याच्या कडेला चिखलात तपकिरी होऊन पडली होती. आभाळ राखाडी, पाणी राखाडी, फांद्याही त्याच रंगाच्या. मामांनी स्टूल ठेवलं, लॅपटॉप ठेवला, बाकाच्या बरोबर मधोमध जाऊन बसले. दोन्ही बाजूंना दोन-दोन झाडं येतील असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. फोन लागला. वहिनी दिसली, तिच्या शेजारी ताई, हात मांडीवर घेऊन बसलेल्या. मामांनी लॅपटॉप किंचित वळवला. तो बंद पडला नाही. त्यांनी आणखी वळवला, परत जागेवर आणला. मग माझ्याकडे एकदा बघून मामा, ज्यांनी उभ्या जन्मात बसच्या कंडक्टरशीही खोटं बोलल्याचं मला ठाऊक नाही, ते म्हणाले, "पाहा ताई. हे उजवीकडचं लाल आहे. तुझ्या लग्नातल्या शालूसारखं. आणि इकडचं पिवळं. हळदीसारखं पिवळं."

वहिनीनं तोंड दुसरीकडे फिरवलेलं मला दिसलं. मग ताई म्हणाल्या, "असू दे रे झाडं. बाबू, तू थोडा कडेला सरक ना. मधात बसला का दिसत नाही तू मले."

मामांना क्षणभर कळलं नाही. मग ते उठले आणि बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसले, इतके टोकाला की एक पाय बाहेर काढून तोल सांभाळावा लागला. पडद्याच्या मधोमध आता रिकामा बाक आणि राखाडी पाणी, आणि कोपऱ्यात मामांचा अर्धा खांदा आणि चेहरा.

"आता?"

"आणखीन थोडा."

मामा आणखी सरकले.

"हां," ताई म्हणाल्या. "दिसला. म्हातारा झाला रे तू, बाबू."

"हाव ना ताई," मामा म्हणाले. "झालो खरा."

मी तिथून निघालो आणि तळ्याला एक लांबची फेरी घातली. पायाखाली ओली पानं होती, समोर बदकं आपापसांत काहीतरी भांडत होती. पलीकडच्या काठावरून मामा दिसत होते. अख्खा बाक मोकळा, आणि एका टोकाला एक म्हातारा माणूस स्टुलाशी हात हलवून हलवून बोलतोय. परत आलो तरी बोलणं चालूच होतं. वांग्याच्या भाजीत तिळाचा कूट घालायचा की नाही, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं.

अजून हिवाळा संपायचा आहे आणि मामांना विमानात बसायला उन्हाळ्यापर्यंत परवानगी नाही. दर रविवारी मी जातो तेव्हा ते सोफ्यावर बसून ताईंशी बोलत असतात. वहिनी म्हणते, ताईंना आता कडेचंही काही दिसत नाही, त्या आवाजाच्या दिशेनं नुसता चेहरा करून बसतात. मामांना हे माहीत आहे, त्यांना मी स्वतः सांगितलं. तरी फोन लागायच्या आधी ते उठतात, सोफ्याच्या अगदी कडेला सरकतात आणि मगच म्हणतात, "ताई, मी बाबू."